भावानं आणलेलं लोखंड

लोखंडाचं पाणी होतं, हे माझ्या वडिलांना बरीच वर्षं पटलं नव्हतं. ते लोहार होते. आमच्या तालुक्याचं नावच लोहारा, पण गावात लोहाराचं घर आमचं एकच. त्या घरात त्यांनी जन्मभर लोखंड लाल केलं, पिवळं केलं, वाकवलं, चिरलं, सांधलं. वितळवलं मात्र कधी नाही. भट्टीत लोखंड पांढरं पडून त्यातून ठिणग्या उडायला लागल्या की ते जळालं म्हणून समजायचं आणि मुकाट्यानं बाजूला टाकायचं. "लोखंड मऊ हुतं, पातळ हुत न्हाय," असं ते सांगायचे, आणि सांगताना त्यांचा चेहरा असा असायचा की पुढं कुणी वाद घालत नसे.

मी धाराशिवला एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. दर वर्षी फळ्यावर झोतभट्टीची आकृती काढते. वर खनिज, कोक आणि चुनखडी टाकतात, खालून तापलेल्या हवेचा झोत सोडतात, तळाशी लोखंडाचा रस साठतो, असे बाण दाखवते. इंग्रजीत ह्या लोखंडाला पिग आयर्न म्हणतात म्हटलं की पोरं हसतात. डुकराचा आणि लोखंडाचा काय संबंध, असं दर वर्षी कुणीतरी विचारतंच. पूर्वी वाळूत साचे करत, मधे एक लांब चर आणि तिला चिकटून लहान लहान चर, दूध पिणाऱ्या पिलांसारखे, म्हणून ते नाव पडलं, हे मी सांगते. पण माझे वडील लोहार आहेत, हे मी वर्गात कधी सांगितलं नाही, आणि वर्गातलं लोखंड मी घरी कधी नेलं नाही. मास्तरीण झाल्याचा थोडा ताठा होता, तो आता कबूल करायला हरकत नाही.

तसं बघितलं तर माझे हात लोहाराचेच. आमच्यात घण बाई मारते. वडील, ज्यांना आम्ही तात्या म्हणायचो, डाव्या हातात सांडशीनं तापलेला तुकडा धरायचे, उजव्या हातात लहान हातोडा. आई समोर कासोटा घालून घण घेऊन उभी. ठोकताना कुणी बोलत नसे. तात्यांचा हातोडा जिथं टिचकी मारेल तिथंच घण पडायचा, आणि हातोडा ऐरणीच्या कडेवर वाजला की थांबायचं. मी नववीत असताना आई गेली. मग घण माझ्याकडं आला. लग्न होईपर्यंत सकाळी घण मारून मी शाळेला, पुढं कॉलेजला जायचे. भाऊ माझ्याहून आठ वर्षांनी लहान. तो भाता ओढायचा, पुढं विजेचा पंखा आला तेव्हा पंख्याचं बटण त्याच्याकडं.

लोहाराच्या घरात एक रीत होती. पोरानं स्वतःच्या हातानं घडवलेलं पहिलं खुरपं विकायचं नाही. ते आईला द्यायचं. आई नसेल तर देवापुढं ठेवायचं. भावाच्या हातचं तसलं खुरपं कधी झालंच नाही. त्याचं मन त्यात नव्हतं. आयटीआय झाला आणि एका मुकादमाच्या ओळखीनं कर्नाटकातल्या लोखंडाच्या कारखान्यात गेला. जाताना तात्यांच्या पाया पडला. तात्या इतकंच म्हणाले, "जा. पर तिथं तुज्या हातचं म्हून काय ऱ्हानार हाय?"

ते वाक्य त्याला लागलं. आठवड्याला मला फोन करायचा, तात्यांना नाही. मोबाइलवर व्हिडिओ पाठवायचा. भट्टीच्या तळाला मातीनं बुजवलेलं तोंड फोडतात आणि लोखंड उसळून पाटातून वाहत येतं, पाटाला पाणी सोडावं तसं, आणि सगळीकडं ठिणग्या. एकदा गावी गेले असताना मी तो व्हिडिओ तात्यांना दाखवला. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन, लांब धरून, दोन्ही बाजूंनी बघितला. "जळालं की गं सगळं," ते म्हणाले. "येवडं लोखंड. कुणी बघत न्हाय का तिथं?" मी हसले, आणि अक्कल अशी की भावाला फोनवर ते सांगितलंही. तो हसला नाही.

त्या वर्षी दसऱ्याला तो येणार नाही असं म्हणाला आणि खंडेनवमीच्या सकाळी अचानक आला. खांद्यावरच्या पिशवीनं तो एका बाजूला वाकला होता. आल्या आल्या त्यानं पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला एक काळा ठोकळा काढला. पाव लांबट असतो तसा आकार, एक बाजू मोडलेली. साच्यातून पडताना तुटलेला तुकडा होता, साहेबाला विचारून घेतला होता. एसटीत कंडक्टरनं पिशवी उचलायला मदत केली आणि विचारलं होतं, देव आणलाय का काय.

खंडेनवमीला आमच्याकडं भट्टी पेटत नाही. ऐरण, घण, हातोडे, सांडश्या, सगळं धुऊन मांडून पूजा. भूकंपात जुनं गाव पडलं तेव्हा तात्यांनी दोन दिवस ढिगारा उपसून ही ऐरण काढली होती, तिच्यावर झेंडूची माळ. भावानं तो ठोकळा हत्यारांच्या रांगेत, अगदी कडेला ठेवला. तात्यांनी सगळ्या हत्यारांना हळदीकुंकू लावलं, ठोकळ्यालाही लावलं. मग भाऊ म्हणाला, "तात्या, हे आमच्या भट्टीचं हाय. म्या सोता तिथं हुतो, हे साच्यात पडलं तवा. ह्याच्यापास्नंच सगळं पोलाद हुतं. ह्याचं एक खुरपं करा. तुमी घडवा, पर लोखंड माजं. आईच्या फोटूम्होरं ठिवू."

तात्यांनी बोटाला राहिलेलं कुंकू पुसलं. "दसरा झाला की करू," म्हणाले.

मला ठाऊक होतं. हे मी आज स्पष्ट लिहिते. ते कच्चं लोखंड होतं. झोतभट्टीतून जे निघतं त्यात कोळशातला कार्बन भरपूर शिरलेला असतो, त्यानं ते ठिसूळ होतं. ओतून त्याच्या वस्तू करता येतात, पण ठोकून घडवता येत नाहीत. तापवा, न तापवा, घणाखाली ते फुटणार. हे मी त्याच महिन्यात फळ्यावर लिहून दिलं होतं, पोरांनी वहीत उतरवून घेतलं होतं. भावाला हे अजून माहीत नसावं. त्याला तिथं जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. तो साच्यांच्या साखळीवर होता, जिथं रस ओतून ठोकळे पाडतात, पुढं त्या लोखंडाचं काय करतात ते दुसऱ्या शेडमधे. आणि तो आमच्या घरात वाढलेला, जिथं तापलं की सगळं वाकतं, अशीच समजूत. तात्यांना तरी कुठून माहीत असणार, असं मी धरून चालले. ते दुसरी शिकलेले.

मग मी का बोलले नाही? पुष्कळ वेळा स्वतःला विचारलंय. भावाचा चेहरा बघवत नव्हता, हे खरं आहे. पण तेवढंच खरं नाही. त्या अंगणात मी मास्तरीण म्हणून कधी तोंड उघडलं नव्हतं. तात्यांना लोखंडातलं काही शिकवायचं, तेही पोरासमोर, ह्याची भीती वाटली. आणि थोडा आळसही होता. सणाचा दिवस, पुरणाचा वास, कोण वाद घालतंय. उद्याचं उद्या बघू म्हटलं आणि जेवायला बसले.

दसरा झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी पेटली. ज्वारीच्या पेरणीचे दिवस, त्यामुळं दोन शेतकरी आधीच कुळवाच्या पासा, म्हणजे खालची लोखंडी पाती, पाजवायला घेऊन बसले होते. तात्या म्हणाले, आधी पोराचं काम. भाऊ पंख्यापाशी बसला. मी पदर खोचून घण घेतला. आई गेल्यापासून हीच आमची जागा होती, तिघांची, पण आम्ही तिघं असे उभे राहिलो त्याला कितीतरी वर्षं झाली होती. मला फार बरं वाटलं त्या क्षणी. हेही लिहायलाच हवं.

तात्यांनी ठोकळा उचलला आणि लहान हातोड्यानं त्याच्यावर टिचकी मारली. ठक्क असा बसका आवाज आला. मग मोडलेली बाजू उन्हाकडं धरली, अंगठा फिरवला, अंगठ्याकडं बघितलं. परत एक टिचकी. मला वाटलं, म्हातारपणी हल्ली सगळ्यालाच वेळ लावतात. मग त्यांनी भावाकडं बघितलं. भाऊ निकालाच्या दिवशी पोरं बसतात तसा बसला होता.

"लाव पंखा," तात्या म्हणाले.

ठोकळा मोठा, तापायला वेळ लागला. तात्यांनी तो फार जपून तापवला, कोळसे हातानं सारखे केले, दोनदा पंखा कमी करायला लावला. मग पिवळसर लाल झालेला तुकडा सांडशीत धरून ऐरणीवर आणला आणि हातोड्यानं टिचकी दिली. मी घण उचलला आणि तसाच धरून ठेवला.

"मारू का?" मी विचारलं. आयुष्यात ऐरणीपुढं हे मी कधी विचारलं नव्हतं.

तात्यांनी त्याच जागी पुन्हा टिचकी दिली. मी मारला.

सुक्या गुळाच्या ढेपेवर दगड घालावा तसा तो फुटला. लाल तुकडे राखेत पडले, एक तुकडा उकिडव्या बसलेल्या शेतकऱ्याच्या पायाशी गेला, तो मागं सरकला. सांडशीत अर्धा राहिला होता. तात्यांनी तो परत भट्टीत घातला, परत तापवला, परत ऐरणीवर आणला आणि टिचकी दिली. मी परत मारला. तोही गेला.

 मग शेतकऱ्यांतला एक जण म्हणाला, "मिस्त्री, ज्यादा तापलं जणू."

"व्हय," तात्या म्हणाले. "रंगच कळंना गेलाय मला आताशा."

"म्हंजी हात गेला म्हना की वस्ताद," दुसरा चेष्टेनं म्हणाला.

"गेला बाबा. कवातरी जायचाच की."

भावाचा चेहरा आधी पडला होता. हे ऐकल्यावर तो बदलला, निवला. तो उठून तात्यांजवळ गेला आणि त्यांच्या हातातली सांडशी त्यानं काढून घेतली. इतक्या मायेनं त्यानं आजवर त्यांना हात लावलेला मी पाहिला नव्हता. "असू द्या तात्या," तो म्हणाला. "वय झालं तुमचं. लोखंड काय, परत आनतो म्या." तात्यांनी मान हलवली. मी घण भिंतीला टेकवला आणि चहा करायला घरात गेले. चुलीपुढं उभी राहून मी बाहेर जाऊन सांगायचं ठरवलं. चहा झाला, दिला, कप विसळले, आणि सांगितलं नाही.

खेड्यात लोहाराचा डोळा गेला म्हणजे सगळं गेलं. पास जास्त तापली की धार जळते, मग ती शेतात दोन दिवस टिकत नाही. ज्याच्या डोळ्याला रंग कळत नाही त्याच्याकडं कोण आपलं अवजार देईल? त्या दिवशीच्या दोघांनी पासा पाजवून घेतल्या, पण घेताना उलटून पालटून बघितल्या. गोष्ट पारावर गेली, तिथून सास्तूरच्या बाजारात गेली. ज्याच्या त्याच्या तोंडी, मिस्त्रीनं पोराच्या लोखंडाचा चुरा केला. फाट्यावर वेल्डिंगचं दुकान होतंच, लोक तिकडं वळले. संक्रांतीपर्यंत आठवड्याला एखादं खुरपं यायचं. उन्हाळ्यात कोळशाचं पोतं संपलं, ते तात्यांनी परत आणलं नाही. आणखी दहा वर्षं तरी त्यांनी काम केलं असतं. त्यांच्या हाताला काही झालेलं नव्हतं.

ते ओट्यावर बसून राहायला लागले. काम नसलेला लोहार फार वाईट दिसतो. हात मांडीवर पालथे टाकलेले, कुणाचे तरी परके ठेवल्यासारखे. कुणी रस्त्यानं कुऱ्हाड खांद्यावर टाकून गेलं की त्यांची नजर कुऱ्हाडीच्या धारेवर जायची, माणसावर नाही.

एक गोष्ट मात्र सुधारली. भाऊ आता रोज फोन करायचा. रोज, न चुकता, आणि थेट तात्यांना. जेवलात का, गोळी घेतली का, पाऊस झाला का. ज्या उस्तादापुढं त्याला कधी धड बोलता आलं नाही, तो उस्ताद गेला आणि जागी एक म्हातारा बाप आला, त्याच्याशी त्याला बोलता यायचं. तात्याही त्या फोनची वाट बघायचे. मी हे पाहायचे आणि मनाशी म्हणायचे, झालं ते बरंच झालं असेल. पण दर वर्षी तो धडा यायचा. "कच्चे लोखंड ठिसूळ असते" असं लिहिताना माझा हात थांबायचा, आणि मागून एखादी पोरगी म्हणायची, बाई, पुढं?

पाच वर्षांनी तात्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. धाराशिवला माझ्याकडं आणलं. ऑपरेशन झालं, डोळ्यावर पट्टी, दुसरा डोळाही अधू, आणि डॉक्टरांनी टीव्ही बघायला मनाई केलेली. पडून पडून कंटाळले. संध्याकाळी मी दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी करत बसले होते तर म्हणाले, "काय वाचतीस ते मोठ्यानं वाच की बाई. तेवडंच."

पुस्तक उघडं होतं ते त्याच पानावर होतं असं म्हणणार नाही. मीच पानं उलटून तिथं गेले. पाच वर्षं जे सांगायचं होतं ते पुस्तकाच्या आडून सांगता येईल असं वाटलं. माझा स्वभावच तो, समोरून काही जमत नाही.

वाचायला लागले आणि लक्षात आलं की पुस्तकी मराठी त्यांना कळणार नाही, म्हणून पुस्तक बाजूला ठेवून आपल्या भाषेत सांगत गेले. लोखंड जमिनीत लोखंड म्हणून नसतं, लाल दगड असतो, गंजच म्हणा. तात्या म्हणाले, "गंजाचं परत लोखंड करत्यात?" व्हय म्हटलं. कोळसा जळताना जो वायू होतो तो त्या गंजातला ऑक्सिजन ओढून घेतो, लोखंड उरतं. चुनखडीत दगडाची माती विरघळते आणि मळी होऊन वर तरंगते, खाली निव्वळ रस. "आन् पातळ हुतं ते खरंच," ते म्हणाले. "जळत न्हाय." त्यांनी हे मान्य केलं तेव्हा मला हसू आलं आणि रडूही आलं.

मग मी पुढं गेले. त्या रसात कोळशाचा अंश शिरून बसतो. म्हणून ते कच्चं. मग तो रस मोठ्या भांड्यात घेतात आणि त्यात जोरानं ऑक्सिजन फुंकतात.

"कोळशात फुकत्यात?"

"न्हाय तात्या. लोखंडातच. खाली कोळसा न्हाय, काही न्हाय."

"मग थंड न्हाय का हुणार?"

"आतला कोळसाच जळतो. त्यानं उलट जास्त तापतं. आन् जळून गेला की उरतं ते पोलाद."

 त्यांची बोटं चादरीवर हलत होती, मनातल्या मनात काहीतरी धरल्यासारखी. "सगळाच काढत न्हायत," ते म्हणाले. "काढला तर पानी घेनार न्हाय. सळईचं खुरपं करून बघ, कितीबी तापवून पान्यात बुडीव, धार धरत न्हाय. ट्रकच्या पाट्याचं धरतं. तेच्यात थोडा ठिवला असनार." मी दहावीच्या पोरांना हे दोन तास समजावते. त्यांनी ते पडल्या पडल्या सांगितलं, पन्नास वर्षांच्या खुरप्यांवरून.

मग मी बोलले. "तात्या, भावानं आणलेलं ते कच्चं होतं. ते कुणाच्याच हातानं घडलं नसतं. तुमचा हात गेला नव्हता. डोळाही गेला नव्हता. मला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं."

"ते बीड हुतं," तात्या म्हणाले.

 बीड म्हणजे ओतीव लोखंड, उसाच्या चरकाचे दात असतात ते, जुन्या इंजिनाची चाकं असतात ती. आमच्या अंगणात बिडाचे तुकडे पडलेले असायचे आणि तात्या ते कधी भट्टीला लावत नसत.

"टिचकी मारली तवाच कळलं," ते म्हणाले. "मोडलेल्या बाजूचा दाना बी बिडाचाच. अंगठा काळा झाला. पोलाद काळं करत न्हाय."

"मग तापवलं कशाला?"

"पोरगं पयल्यांदा माज्याकडं लोखंड घेऊन आलं हुतं बाई. आईम्होरं ठिवायचं म्हनत हुतं. तुजं लोखंड घडायचं न्हाय, म्हून चार मान्सांत सांगू? मीच मागं त्याला बोललो हुतो, तुज्या हातचं काय ऱ्हानार म्हून." मग म्हणाले, "फुटलं तर माजा हात गेला म्हनायचं. म्हाताऱ्याचा हात गेला तर कुनाला काय. त्याचं तर सगळं म्होरं हाय."

"पण तुमची भट्टी बंद पडली तात्या."

"तेवडं पडंल आसं वाटलं न्हवतं," ते म्हणाले. हे त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं, हिशेबात चूक झाली असं माणूस सांगतो तसं. मग त्यांनी हात पुढं केला, चाचपडत माझा हात धरला. "तुला बी ठावं हुतं. घण धरून थांबलीस तवाच म्या वळखलं. म्हनलं, बघ, पोरगी येवडी शिकली, तिला ठावं हाय, तरी भावासाटी गप हाय. लई बरं वाटलं मला. तुज्या आईवानी केलंस."

 भावासाठी नव्हते मी गप्प, तात्या, भिऊन होते, आळसानं होते, हे तेव्हा तरी सांगायला हवं होतं. त्यांच्या डोळ्यावर पट्टी होती आणि माझा चेहरा त्यांना दिसत नव्हता, ह्यानं मला सुटल्यासारखं वाटलं.

"त्याला कळू द्यायचं न्हाय," ते शेवटी म्हणाले. "मला ठावं हुतं हे. जनमभर खाईल त्याला ते."

पट्टी निघाली. तात्यांना चांगलं दिसायला लागलं, आणि दिसायला लागल्यावर गावात कुणी म्हणालं सुद्धा, मिस्त्री, आता पेटवा भट्टी. पण तोवर अंगातलं बळ उतरलं होतं, आणि घण मारायला घरात कुणी नव्हतं. त्यानंतर तीन वर्षं ते जगले. गेल्या वर्षी, जेवून पाण्याचा तांब्या हातात घेतला आणि गेले.

तेरावा झाला. पाहुणे पांगले. दुपारी मी आणि भाऊ पत्र्याखाली, भट्टीच्या जागी बसलो होतो. भाऊ आता तिथं जुना माणूस आहे, त्याच्या हाताखाली माणसं आहेत. बराच वेळ तो राख झाडत बसला आणि मग खाली बघतच म्हणाला, "अक्का, ते लोखंड घडनारं न्हवतंच."

मी त्याच्याकडं वळले.

"त्या दसऱ्यापास्नं वरीस व्हायच्या आतच कळलं मला. साहेबानं एक ठोकळा उचलून फरशीवर टाकला, दोन तुकडे. नव्या पोरांना दाखवत हुता, हे ठोकायचं नसतं म्हून. तिथंच घाम फुटला मला." तो पुन्हा राख झाडायला लागला. "तात्यांचा हात गेला न्हवता. म्या घालवला. रोज फोन करायचो ते तेच सांगायला करायचो. आज सांगू, आज सांगू. जेवलात का विचारायचो आन् ठिवून द्यायचो. तात्या हात गेला आसंच समजून गेले का गं?"

त्याला कळू द्यायचं नाही, असं तात्या मला बजावून गेले होते. त्यांना ठाऊक होतं हे सांगितलं तर त्याला कळणार की बापानं त्याच्यासाठी भट्टी घालवली. नाही सांगितलं तर बाप तसाच दुःखात गेला, हे तो धरून बसणार.

"न्हाय," मी म्हणाले. "मी सांगितलं होतं त्यांना. माझ्याकडं होते तेव्हा, पुस्तक वाचून. हात तुमचा गेला नव्हता म्हणून."

"काय म्हनले?"

"बरं वाटलं त्यांना."

तो रडायला लागला, गुडघ्यांत डोकं घालून. मग डोळे पुसत विचारलं, "तुला कधी कळलं?"

"नंतर," मी म्हणाले. "शिकवताना."

त्यानं वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं. "तू हुतीस म्हून अक्का," म्हणाला. "मला न्हाय जमलं. तू सांगितलंस." त्याच्या पाठीवर माझा हात होता. मी त्याला लवकर उठवलं नाही. उठला असता तर त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं असतं.